जात सोबत आली, दाखला सरहद्दीवर अडला

नागपूरच्या इंदोऱ्यातून रायपूरला सामान हलवलं, तेव्हा आईने एक फाईल ट्रकमध्ये चढू दिली नाही. भांडी, गाद्या, कूलर, लेकीची सायकल, सगळं ट्रकमध्ये गेलं. फाईल मात्र तिने कापडी पिशवीत घातली आणि रेल्वेत पूर्ण वेळ मांडीवर धरून बसली. दरेकसाचा बोगदा गेला, महाराष्ट्र संपला, डोंगरगडला प्रज्ञागिरीवरच्या बुद्धमूर्तीला तिने बसल्या जागेवरून हात जोडले, पण पिशवी खाली ठेवली नाही. आईला वाचता येत नाही. तरी कुठला कागद कुठला, हे तिला कागदाच्या रंगावरून कळतं. माझ्या आजेसासऱ्यांचा शाळेचा दाखला, सासऱ्यांचा जातीचा दाखला, नवऱ्याचं वैधता प्रमाणपत्र, लेकीचा जातीचा दाखला. मी तिला म्हटलं, "माय, ठेव ना आता वरच्या बर्थवर." ती म्हणाली, "घर सुटलं तं दुसरं घर भेटते वं. हे कागद गेले तं काहीच भेटत नाही."

ही जून २०२३ ची गोष्ट. दोन वर्षांनी मला कळलं की कागद हरवायची गरजच नव्हती. ते जपून आणले, तरी त्यांची किंमत बोगद्याच्या अलीकडेच राहिली होती. त्याबद्दलच लिहायचं आहे.

मी एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम करते. बुटीबोरीहून सिलतऱ्याला बदली झाली, सोबत बढती होती. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्याला नागपूर सोडता येत नव्हतं. मग ठरलं की मी, आई आणि लेक रायपूरला राहायचं आणि त्याने शनिवारच्या गाडीने यायचं, रविवारी रात्री परत जायचं. नातेवाइकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. "बाईमाणसानं बढतीसाठी संसाराचे दोन तुकडे करायचे का?" असंही कोणी म्हणालं. माझा बाप मिलमध्ये होता. मिल बंद पडली तेव्हा आईने बिड्या वळून घर चालवलं आणि मी शिष्यवृत्तीवर बी. कॉम. झाले. ज्या घरात पगार नावाची गोष्ट एका पिढीपूर्वी आली, त्या घराला बढती नाकारणं परवडत नाही. पुरुषाची बदली झाली की तिला प्रगती म्हणतात आणि बाईची झाली की संसार मोडला म्हणतात, हे आपल्या वस्तीतही तितकंच खरं आहे. ते आपण मान्य केलं पाहिजे.

रायपुरात घर शोधायला सुरुवात केली. पहिला प्रश्न भाड्याचा नसायचा. "पूरा नाम क्या है?" दुसरा, "नॉनवेज तो नहीं खाते?" आडनाव सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबायचा. महाराष्ट्रातलं आडनाव इथे सगळ्यांना लगेच लागत नाही, म्हणून मग तिसरा प्रश्न यायचा, "मराठी में आप लोग कौन होते हैं?" तीन घरं अशी गेली.

चौथ्या घरी मालकीणबाई मराठी निघाल्या. माझं बोलणं ऐकून त्यांना खराच आनंद झाला. आत बोलावलं, चहा ठेवला, गणपतीत कुठे काय असतं ते सांगितलं. मग विचारलं, "नागपूरला कुठे राहता?" मी म्हटलं, "इंदोऱ्याला." नागपूर माहीत असलेल्या माणसाला यापुढे काही विचारावं लागत नाही. चहा आला, पण बोलणं आटलं. निघताना म्हणाल्या, "आमचा पुतण्या येणार आहे बहुतेक राहायला, मी कळवते." त्यांनी कळवलं नाही आणि मीही फोन केला नाही.

रायपुरातल्या मराठी माणसाचा इतिहास जुना आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडवर आली. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून कारभार केला आणि त्या कारभारासोबत मराठी कुटुंबं इथे स्थिरावली. पुढे रेल्वे आली, राजनांदगावची कापड गिरणी आली, भिलाईचा पोलाद कारखाना आला आणि विदर्भातली कष्टकरी माणसं कामासाठी इकडे आली. दोघांची भाषा एकच. पण परमुलखात भेटल्यावरसुद्धा भाषेआधी वस्ती विचारली जाते. "आपली माणसं" हा शब्द मराठीत किती जणांसाठी आहे, ते मला त्या चहाच्या कपावर कळलं.

बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर ते कमाठी बागेत जाऊन बसले होते. आपल्यापैकी प्रत्येकाला हा प्रसंग लहानपणापासून ऐकून पाठ असतो. आज मला कोणी काठी घेऊन घराबाहेर काढलं नाही. "पुतण्या येणार आहे" एवढ्यावर काम झालं. हा फरक लहान नाही, तो कायद्याने आणि चळवळीने आणलेला आहे. पण नव्या शहरात पहिल्या रात्री सामान कुठे ठेवायचं, हा प्रश्न अजून जातच ठरवते.

शेवटी घर मिळालं ते एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचं. त्यांना सगळी गल्ली बबा म्हणते. त्यांनी पूर्ण नाव विचारलं नाही. मीच आपणहून म्हटलं, "हम लोग बौद्ध हैं, बाबासाहब वाले." ते हसले आणि गल्लीच्या टोकाकडे बोट केलं. तिथे चौथऱ्यावर पांढरा खांब होता आणि वर पांढरा झेंडा. जैतखाम. "हम सतनामी हैं," म्हणाले, "घर देख लो, पंखा नया है."

सतनामी समाजाबद्दल महाराष्ट्रात आपल्याला फार कमी माहिती असतं. गुरु घासीदासांचा जन्म १८ डिसेंबर १७५६ चा, गिरौदपुरीचा. जोतीराव फुल्यांच्या जन्माआधी सत्तर वर्षं. मूर्ती नको, पुरोहित नको, जात नको, सगळी माणसं समान, अशी शिकवण त्यांनी छत्तीसगडच्या गावागावांत नेली. लाखो अस्पृश्य शेतकऱ्यांनी जातीचं नाव टाकून सतनामी हे नाव घेतलं. आमच्याकडे निळा झेंडा, त्यांच्याकडे पांढरा. पहिल्या डिसेंबरात गल्लीत पंथी नाच सुरू झाला, मांदर वाजू लागला. आई ओट्यावर येऊन बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आपल्या चौदा एप्रिलवाणीच आहे हे."

आईची आणि बबांच्या बायकोची मैत्री भाजीवरून जमली. काकी बाजारातून तिवरा भाजी घेऊन आल्या होत्या. आईने पाला हातात घेतला, चुरडला, वास घेतला आणि म्हणाली, "हे तं लाखोळी होय!" भंडारा-गोंदियाकडची लाखोळी, धानाच्या बांध्यांत पेरतात ती, गरिबाची डाळ. तीच इथे तिवरा. मग शिळ्या भाताचा विषय निघाला. काकींची बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ-कांद्यासोबत खायचा. आई म्हणाली, आम्हीही हेच खात होतो, पण कोणाला सांगत नव्हतो. इथे २०२२ मध्ये तर मुख्यमंत्र्यांनीच मजूरदिनी बोरे-बासी खायचं आवाहन केलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा निम्मी कळते. काकी आईला "दीदी" म्हणतात आणि आई त्यांना "बाई". नागपूर सुटल्याने आई खचेल अशी मला धास्ती होती. तिची संध्याकाळची विहारातली वंदना सुटली, पण ओटा मिळाला.

म्हणजे घर लागलं. मग लेकीची बारावी आली.

तिला डॉक्टर व्हायचं आहे. दहावी तिने नागपुरात केली, अकरावी-बारावी रायपुरात. नीटचा अर्ज भरताना मी आईची ती फाईल काढली आणि लेकीचा जातीचा दाखला घेऊन चौकशीला गेले. खिडकीवरच्या माणसाने दाखला उलटसुलट पाहिला आणि शांतपणे सांगितलं, "मैडम, ये यहाँ नहीं चलेगा. पिताजी-दादाजी का १९५० का रिकॉर्ड छत्तीसगढ़ का चाहिए." त्याने अपमान केला नाही, लाच मागितली नाही. नियम सांगितला, आणि नियम तसाच आहे.

अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या १० ऑगस्ट १९५० च्या आदेशाने आली आणि ती राज्यवार आहे. घटनेच्या ३४१ व्या कलमात "त्या राज्याच्या संबंधात" असे शब्द आहेत. त्या तारखेला तुमचे वाडवडील ज्या राज्याचे कायमचे रहिवासी होते, त्या राज्यात तुम्ही अनुसूचित जातीचे. १९९० मध्ये मुंबईतल्या वैद्यकीय प्रवेशाचा असाच एक खटला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे आला होता. मुलगा आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा, लहानपणी वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आलेला. न्यायालयाने सांगितलं की एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत जात नाही. १९९४ मध्ये हेच पुन्हा सांगितलं गेलं: त्याच नावाची जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली, तरी नाही. २०१८ मध्ये बीर सिंह प्रकरणात घटनापीठाने तेच कायम केलं.

महार ही जात महाराष्ट्राच्या यादीत आहे आणि छत्तीसगडच्याही. २०२३ मध्ये तर संसदेने कायदा करून छत्तीसगडच्या यादीत महारा आणि महरा हे शब्दही घातले, कारण एका कान्याच्या फरकाने तिथल्या माणसांचे दाखले अडत होते. ते योग्यच झालं. पण माझी लेक महाराष्ट्रात अनुसूचित जातीची आहे, केंद्राच्या जागांसाठी आहे आणि रायपूरच्या राज्य कोट्यात नाही. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, तिची बारावी रायपूरची. म्हणजे तिथूनही बाहेर. उरला फक्त अखिल भारतीय कोटा. त्यात तिला थोडे गुण कमी पडले.

नवरा शनिवारी आला तेव्हा घरात कोणी फारसं बोललं नाही. रात्री तो एवढंच म्हणाला, "तिला माझ्याजवळ ठेवायला पाहिजे होतं." तो चूक म्हणाला नाही. मी सगळ्या गोष्टींची चौकशी केली होती, शाळा, बस, गॅस, आईच्या औषधांचं दुकान. ही एक चौकशी केली नाही. जात आपल्यासोबत येते हे मला माहीत होतं, म्हणून दाखलाही येत असेल असं मी गृहीत धरलं. ही माझी चूक, आणि तिची किंमत लेक देते आहे. पण दोन वर्षं मुलगी आईजवळ राहिली, यात चूक काय होती, याचंही उत्तर मला कोणी द्यावं.

यात एक गोष्ट मला जास्त टोचते. ऑगस्ट १९५० मध्ये नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होती. मध्यप्रांत-वऱ्हाडाचं नाव तेव्हा मध्य प्रदेश झालं होतं आणि त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, २००० मध्ये छत्तीसगड झालं. आम्ही जागचे हललो नव्हतो तेव्हाही रेघा आमच्यावरून गेल्या.

माझे एक चुलत सासरे १९५८ मध्ये भिलाईला गेले, कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू व्हायच्या आदल्या वर्षी. आज त्यांचे नातू छत्तीसगडी बोलतात, नागपूर त्यांनी दीक्षाभूमीच्या गर्दीत पाहिलेलं, एवढंच. राज्याच्या नोकरीत छत्तीसगड त्यांना १९५० विचारतं आणि महाराष्ट्र रहिवास विचारतो. ते दोन्हीकडून सुटले. पण भिलाईत एका घरी लग्नाची बोलणी चालू असताना जात कळली आणि बोलणी मोडली, तेव्हा कोणी त्यांना १९५० चा पुरावा मागितला नाही.

कायद्याचं म्हणणं असं की जातीचा तोटा जागेशी बांधलेला असतो. एका राज्यात अस्पृश्य असलेला समाज दुसऱ्या राज्यात तसा असेलच असं नाही. काही जातींच्या बाबतीत हे खरं असू शकेल. पण "पूरा नाम क्या है" विचारणाऱ्या घरमालकाला हा युक्तिवाद माहीत नसतो. आणि न्यायालयांनीही दुसरी बाजू पाहिली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं की अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण मूळ राज्यापुरतं नाही, माणूस देशात कुठेही राहत असला तरी ते लागू होतं, कारण जात माणसाची पाठ सोडत नाही. म्हणजे मला कोणी जातीवरून मारलं तर मी देशभर दलित, पण लेकीला शिकवायचं असेल तर बोगद्याच्या अलीकडेच दलित. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून पाहायला हवेत.

हे सगळं मी एका संध्याकाळी बबांना सांगितलं. मला वाटलं, ते नुसते हळहळतील. ते म्हणाले, "बेटी, तुम्हारी बात सही है. पर हमारा तो सोलह से बारह कर दिया." २०१२ मध्ये छत्तीसगडने आरक्षणाची फेररचना केली, त्यात अनुसूचित जातींचा वाटा १६ टक्क्यांवरून १२ वर आला. २०११ च्या जनगणनेत राज्यातलं त्यांचं प्रमाण जवळपास १२.८ टक्के होतं. त्या कपातीविरुद्ध सतनामी समाज रस्त्यावरही उतरला आणि न्यायालयातही गेला. बबांचा नातू स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. बारामध्ये नागपूरच्या, पुण्याच्या, दिल्लीच्या शिकलेल्या घरांतली मुलं आली तर त्याचं काय, असं त्यांनी विचारलं नाही. पण मला ते ऐकू आलं.

मी त्यांच्या ओट्यावर बसते. त्यांच्या नातवाच्या ताटातलं मला नको आहे. विदर्भातला महार समाज शिक्षणात दोन पिढ्या पुढे गेला, त्याला बाबासाहेबांची चळवळ आणि नागपूर ही जागा कारण आहे. ती आघाडी घेऊन दुसऱ्या राज्यातल्या मागे राहिलेल्या भावंडांच्या जागांवर बसायचं, हा आपला न्याय असू शकत नाही. राज्यवार यादीमागचं हे एक कारण मला पटतं.

पण मग मुलीने कुठेच असू नये का? उत्तर आहे, आणि ते व्यवस्थेत आधीच अर्धं वापरात आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा नियम पाहा. विद्यार्थी दुसऱ्या राज्यात शिकत असला, तरी शिष्यवृत्ती त्याचं मूळ राज्य देतं. हक्क मूळ राज्याचा, पण तो विद्यार्थ्यासोबत जातो. हेच तत्त्व प्रवेशाला लावता येईल. आई-बापाच्या नोकरीमुळे ज्यांची शाळा दुसऱ्या राज्यात झाली, त्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना मूळ राज्याने आपल्या कोट्यात दहावी-बारावीच्या अटीशिवाय घ्यावं, नोकरी सरकारी असो, खाजगी असो की वीटभट्टीवरची असो. आणि भिलाईच्या आमच्या नातेवाइकांसारखी जी कुटुंबं पिढ्यानपिढ्या एकाच राज्यात राहत आहेत, त्यांच्यासाठी संसदेने काही वर्षांच्या रहिवासाची अट घालून नवी तारीख ठरवावी, आणि त्यांच्यासाठी जादा जागा द्याव्यात, स्थानिकांच्या वाट्यातल्या नव्हे. १९९० च्या त्या निकालातच न्यायालयाने म्हटलं होतं की नाइलाजाने स्थलांतर करावं लागलेल्यांचा विचार संसदेने आणि विधिमंडळांनी करावा. त्याला पस्तीस वर्षं झाली.

हा प्रश्न आपल्या संघटनांच्या मागणीपत्रांत कुठे असतो? आपण पदोन्नतीतल्या आरक्षणावर बोलतो, खाजगीकरणावर बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण सरकारी नोकऱ्या आटल्या की माणूस खाजगी नोकरीच्या मागे जातो, आणि खाजगी नोकरी माणसाला राज्याबाहेर नेते. बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडायला सांगितलं, कारण गाव म्हणजे जातीचा कोंडवाडा. आपण गाव सोडलं, शहर गाठलं, आता शहरं बदलतो आहोत. आपले कागद मात्र अजून गावातल्या शाळेच्या नोंदवहीत अडकलेले आहेत. जो हलतो त्याला शिक्षा आणि जो जागेवर राहतो त्यालाच हक्क, असा नियम असेल तर तो जातीच्याच सोयीचा आहे. माणूस आपल्या जागी राहावा, हेच तर जातीला हवं असतं.

छत्तीसगडमधून लोकसभेत गेलेल्या पहिल्या महिला खासदार मिनीमाता. त्यांचा जन्म आसामचा. दुष्काळात त्यांच्या घरची माणसं छत्तीसगड सोडून चहाच्या मळ्यांकडे गेली होती. लग्न होऊन त्या परत इकडे आल्या आणि अस्पृश्यतेविरुद्ध लढल्या. काकींच्या घरात बाबासाहेबांच्या शेजारी त्यांची तसबीर आहे. स्थलांतरिताची लेक कुठली, हा प्रश्न या मातीला नवा नाही.

माझी लेक यंदा पुन्हा परीक्षेला बसते आहे, पुन्हा अखिल भारतीय कोट्यासाठी. दाराजवळच्या टेबलावर अभ्यास करते, कारण तिथे वारा लागतो. नवरा शनिवारी येतो आणि तिला भौतिकशास्त्र शिकवतो. त्या रात्रीनंतर आम्ही दोघांनी एकमेकांना दोष देणं थांबवलं आहे. आईने फाईल पुन्हा पिशवीत घालून कपाटात ठेवली. परवा तिने विचारलं, "मंग हे कागद आता कायच्या कामाचे वं?" मी म्हटलं, "माय, ठेव. मागायले कामी येतील." जे कुटुंब उद्या बदलीचा आदेश हातात घेऊन सामान बांधणार आहे, त्याने मुलांचं शिक्षण कुठून मोजलं जाईल ते आधी विचारून घ्यावं. आणि ज्यांची मुलं आधीच दोन राज्यांच्या मधे अडकली आहेत, त्यांनी एकत्र येऊन ही मागणी लिहून द्यावी. पहिली सही मी करते.

जय भीम, जय सतनाम.